पोष्य कोण?

घरांत जेवणारीं माणसें किती, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं सोपा आहे. संध्याकाळीं पानें मांडणारी गृहिणी त्याचें उत्तर बोटें न मोजतां देते. तिच्या हिशेबांत घरचीं मुलें असतात, थकलेले सासूसासरे असतात, विधवा आत्याबाई असतात, शिक्षणाकरितां येऊन राहिलेला भाचा असतो, आणि ऐन वेळीं आलेला पाहुणाही असतो. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं या सर्वांस मिळून 'पोष्यवर्ग' असें नांव दिलें. दक्षस्मृतींतील पोष्यवर्गांत आईबाप, गुरु, पत्नी व संतति यांच्याबरोबर दीन, आश्रित आणि अतिथि यांचीही गणना केलेली आढळते. परंतु हाच प्रश्न गृहिणीऐवजीं सरकारानें विचारला, म्हणजे तो तितका सोपा राहत नाहीं. गृहिणी पान मांडण्यासाठीं मोजते. सरकार कर सोडण्यासाठीं मोजतें. पहिल्या मोजणींत कोणी सुटूं नये ही काळजी असते. दुसरींत कोणी फुकट घुसूं नये ही.

हा विचार मनांत येण्यास एक लहानसें निमित्त झालें. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील मुलगा कांहीं वर्षांपासून अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत नोकरीस आहे. वडील वारले, आई पुण्यास एकटी असते. तिचा घरखर्च, औषधपाणी, कामवाल्या बाईचा पगार, सारें हा मुलगा दरमहा पाठवितो. तेथील प्राप्तिकराचें विवरणपत्र भरतांना, 'तुमच्यावर अवलंबून असणाऱ्या व्यक्ति' या रकान्यांत त्यानें सरळ आईचें नांव लिहिलें. हिशेबनिसानें तें खोडलें. आई खरी, खर्चही खरा. पण ती येथें राहत नाहीं, एवढेंच त्याचें म्हणणें. त्याच कचेरींतील एका सहकाऱ्याची आई मेक्सिकोंत असते व तिलाही मुलगाच पोसतो. तिचें नांव मात्र तसेंच राहिलें. आमच्या मित्राच्या मुलानें दूरध्वनीवरून आईस सांगितलें, "सरकारच्या दफ्तरीं तूं माझ्यावर अवलंबून नाहींस." मातोश्री हंसून म्हणाल्या, "बरेंच झालें. मी कोणावर अवलंबून आहें, हें मलाही कधीं आवडलें नव्हतें."

गोष्ट हंसण्यावारी गेली. आमच्या मनांतून मात्र ती जाईना. पोष्य कोण, हें एखाद्या राष्ट्रानें ठरवावें तरी कसें? वय पाहून, रक्त पाहून, छप्पर पाहून, कीं पैसा पाहून? अमेरिकेच्या प्राप्तिकराचा इतिहास चाळला असतां असें दिसतें कीं, तेथील विधिमंडळानें, म्हणजे काँग्रेसनें, गेल्या शंभर वर्षांत हीं सर्व मापें एकामागून एक लावून पाहिलीं आहेत. त्या मापांची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रारंभीं हा प्रश्न त्या कायद्यांत नव्हताच. यादवी युद्धाच्या खर्चासाठीं अमेरिकेंत प्राप्तिकर प्रथम बसला. १८६१ च्या कायद्यानें ८०० डॉलरांपर्यंतचें उत्पन्न करमुक्त ठेविलें होतें, आणि १८६२ च्या कायद्यानें ही मर्यादा ६०० डॉलरांवर आणिली. १८७२ सालीं तो कर संपला. १८९४ सालीं काँग्रेसनें तो पुन्हा आणिला, पण पुढील वर्षींच सर्वोच्च न्यायालयानें तो घटनाबाह्य ठरविला. शेवटीं १९१३ च्या फेब्रुवारींत राज्यघटनेची सोळावी दुरुस्ती मंजूर झाली व ऑक्टोबरांत नवा कायदा आला. त्यांत एकट्या माणसास ३,००० डॉलरांची सूट होती आणि एकत्र राहणाऱ्या पतिपत्नींस आणखी १,००० डॉलरांची. मुलांचा उल्लेख नव्हता. याचें कारण निष्ठुरपणा नव्हे. त्या काळीं तीन हजार डॉलर मिळविणारा मनुष्य सुखवस्तु समजला जाई. पहिल्या वर्षीं सगळ्या देशांतून साडेतीन लाखांच्या आसपास विवरणपत्रें आलीं. ज्यांच्या घरीं मुलांच्या दुधाचा हिशेब करावा लागे, त्यांच्या दारापर्यंत हा कर पोहोंचलाच नव्हता.

तो पोहोंचला युद्धामुळें. १९१७ च्या एप्रिलांत अमेरिका महायुद्धांत उतरली आणि ऑक्टोबरांत सूट एकदम खालीं आली: एकट्यास १,००० डॉलर, विवाहितास २,०००. कर मध्यम स्थितींतील घरांत शिरला, आणि शिरतांच त्यास घरांतील मुलें दिसलीं. दर मुलामागें २०० डॉलरांची सूट त्याच कायद्यानें दिली. मूल अठरा वर्षांखालील असावें, किंवा शरीराच्या वा मनाच्या व्यंगामुळें स्वतःचें पोट भरण्यास असमर्थ असावें, अशी अट होती. १९१९ च्या आरंभीं मंजूर झालेल्या पुढच्या कायद्यानें 'मूल' हा शब्द काढून 'व्यक्ति' हा शब्द घातला. ज्याचा मुख्य चरितार्थ करदात्यावर चालतो, असा कोणीही आतां पोष्य होऊं शकत होता. पण वयाची किंवा असमर्थतेची अट कायम राहिली. १९२१ सालीं सुटीची रक्कम ४०० डॉलर झाली.

हें पहिलें माप मिळवण्याच्या शक्तीचें होतें. जो मिळवूं शकत नाहीं तो पोष्य, असा त्याचा अर्थ. त्यांत एक तर्क आहे. परंतु हा तर्क घरांत आणून पाहिला म्हणजे त्याची धार बोचूं लागते. सत्तरी गाठलेली, पण हिंडतीफिरती आई पोष्य कीं नव्हे? तिची नोंद करण्यास मुलानें तिला व्यंग आहे असें लिहून द्यावें काय? कारखाना बंद पडून घरीं बसलेला तीस वर्षांचा धाकटा भाऊ तर या मापांत मुळींच बसत नसे. १९२९ नंतरच्या मंदींत अशा भावांचीं पानें किती घरांत मांडलीं गेलीं असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

दुसऱ्या महायुद्धानें हें माप बदललें. १९३९ सालीं अमेरिकेंत प्रत्यक्ष कर देणारे लोक चाळीस लाखांच्या आसपास होते. युद्ध संपतांना ते चार कोटींच्या वर गेले. १९४३ पासून पगारांतूनच कर कापून घेण्याची पद्धति सुरू झाली. इतक्या लोकांस समजेल असा कायदा हवा होता, आणि १९४४ च्या सुधारणेनें तो देण्याचा यत्न केला. दर माणशीं ५०० डॉलरांची सरसकट सूट ठरली. पोष्य ठरविण्यास वय व व्यंग या कसोट्या टाकून दिल्या आणि त्यांच्या जागीं तीन नव्या आणिल्या: ठरलेल्या यादींतील नातें असावें, त्या व्यक्तीच्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक खर्च करदात्यानें केलेला असावा, आणि तिचें स्वतःचें उत्पन्न ५०० डॉलरांच्या आंत असावें. थोडक्यांत, 'तूं असमर्थ आहेस काय' हा प्रश्न मागें पडला व 'तुझा भार कोणी उचलला' हा पुढें आला. आमच्या मतें या सर्व इतिहासांतील हा सर्वांत मोठा पालट होय. धडधाकट आई आणि घरीं बसलेला भाऊ यांना अपमानाचा दाखला न देतां यादींत येतां आलें.

ती यादी मराठी वाचकानें एकदां अवश्य पाहावी. आईबाप, आजीआजोबा, मुलें, नातवंडें, भावंडें, सावत्र नातीं, पुतणे व भाचे, सासूसासरे, सून, जांवई, मेहुणे, दीर, नणंदा हीं सारीं तींत आहेत. आईवडिलांचीं भावंडें, म्हणजे काका, आत्या, मामा व मावशी हींही आहेत. पण काकू नाहीं, मामी नाहीं. इंग्रजींत ज्या एका शब्दानें मावशी आणि मामी दोघींस हांक मारतात, त्या शब्दाचे कायद्यानें दोन तुकडे केले व रक्ताची तेवढी आंत घेतली. ज्या मामीच्या हातचें खाऊन भाचा लहानाचा मोठा झाला, ती म्हातारपणीं त्याच्या आधारानें वेगळ्या बिऱ्हाडांत राहिली, तर ती त्याची पोष्य नव्हे! चुलतभावंडांचीही तीच गत. आमच्या भाषेनें प्रत्येक नात्यास स्वतंत्र नांव देऊन ठेविलें असल्यामुळें ही फट आमच्या डोळ्यांस लवकर दिसते.

याच १९४४ च्या कायद्यांत आणखी एक वाक्य होतें, आणि आमच्या मित्राच्या मुलाच्या हिशेबनिसाचें बोट त्याच्याच वारसावर पडलें. परदेशचा नागरिक पोष्य ठरावयाचा, तर तो अमेरिकेंत किंवा अमेरिकेस लागून असलेल्या देशांत राहणारा असावा, असें तें वाक्य. लागून असलेले देश दोनच, कॅनडा व मेक्सिको. त्या वेळीं हिंदुस्थानच्या माणसास अमेरिकेंत नागरिकत्वच मिळत नव्हतें. तें १९४६ च्या कायद्यानें मिळूं लागलें. मोठ्या संख्येनें तिकडे जाण्याची वाट तर १९६५ नंतर मोकळी झाली. म्हणजे पुण्याची आई डोळ्यांपुढें ठेवून हें कुंपण कोणी घातलें नव्हतें. ती मागाहून त्याच्या बाहेर सांपडली, इतकेंच.

१९४८ सालीं सूट ६०० डॉलर झाली आणि १९५४ च्या नव्या करसंहितेनें मापें आणखी सैल केलीं. स्वतःचें मूल एकोणीस वर्षांखालील असेल किंवा विद्यार्थी असेल, तर सुटीच्या दिवसांत त्यानें चार पैसे मिळविले म्हणून बापाची सूट जाऊं नये, असें ठरलें. पूर्वी मुलास उन्हाळ्यांत काम करूं द्यावें कीं नाहीं, याचा हिशेब करपत्रक पाहून करावा लागे. दुसरें असें कीं, नातें नसलेली व्यक्तिही वर्षभर करदात्याच्या घरीं कुटुंबांतीलच होऊन राहिली असेल, तर ती पोष्य ठरूं लागली. मामीस व चुलतभावास याच दारानें प्रवेश मिळाला. मात्र दार उघडतांच त्यांतून कोण येईल याची धास्तीही निर्माण झाली. दुसऱ्याची विवाहित बायको आपल्या घरीं राहते म्हणून एका गृहस्थानें तिच्या नांवानें सूट मागितली. १९५७ सालीं कर न्यायालयानें ती नाकारली, आणि १९५८ सालीं काँग्रेसनें कायद्यांतच लिहून टाकिलें कीं, स्थानिक कायद्याविरुद्ध असलेल्या संबंधानें कोणी घरचा माणूस होत नाहीं.

१९५४ ची तिसरी सुधारणा आम्हांस विशेष आवडते. चार भावंडें मिळून आईस पोसतात; प्रत्येकाचा वांटा पावहिश्शाचा. निम्म्याहून अधिक भार कोणाचाच नाहीं, म्हणून कायद्याच्या जुन्या शब्दांप्रमाणें ती कोणाचीच पोष्य नव्हे! ही विसंगति काढून टाकण्यासाठीं असें ठरलें कीं, सर्वांनीं मिळून निम्म्याहून अधिक भार उचलला असेल, तर दहा टक्क्यांहून जास्त वांटा असलेल्यांपैकीं एकानें सूट घ्यावी आणि तसा वांटा असलेल्या बाकीच्यांनीं, आपण ती त्या वर्षीं मागणार नाहीं, असें लिहून द्यावें. हें वाचतांना आम्हांस पुण्याच्या वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची आठवण झाली. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असें सात घरीं जेवून त्यांनीं विद्या केली. नात्याची अट क्षणभर बाजूस ठेविली, तर प्रत्येक घराचा वांटा चौदा टक्क्यांहून थोडा अधिक पडतो. म्हणजे सातांपैकीं कोणत्याही घरास तो विद्यार्थी आपला म्हणतां आला असता. फरक इतकाच कीं, आमच्याकडे त्या सात घरांत कागद करण्याची वेळ आली नाहीं.

नातें आणि भार यांचीं मापें अशीं ठरलीं. पण तीं लावावयाचीं कोणाच्या शब्दावर? १९८६ पर्यंत करदात्यानें नांव लिहावें व सरकारानें तें मानावें, अशी रीति होती. १९८६ च्या करसुधारणेनें, पांच वर्षें पुरीं झालेल्या प्रत्येक पोष्याचा सामाजिक सुरक्षा क्रमांक लिहिण्याची सक्ति केली. पुढच्या वर्षाचीं विवरणपत्रें आलीं, तेव्हां देशांतील सुमारें सत्तर लाख पोष्य नाहींसे झालेले आढळले! हे सर्वच काल्पनिक होते असें म्हणतां येत नाहीं. घटस्फोट झालेल्या आईबापांनीं एकाच मुलाचें नांव दोन्हीं घरीं लिहिलें असेल, कोणी क्रमांक वेळेवर मिळविला नसेल. तथापि पुष्कळ मुलें कागदावरच जन्मलीं होतीं, यांत शंका नाहीं. विश्वासाच्या पद्धतीस हा मोठा धक्का होता. प्रामाणिक माणसास आपल्या मुलाचा क्रमांक लिहावा लागला, तो शेजाऱ्याच्या खोट्या मुलांमुळें. त्याच सुधारणेनें आणखी एक गोष्ट केली: जो दुसऱ्याचा पोष्य ठरूं शकतो, त्यानें स्वतःची सूट मागूं नये, असा नियम घातला.

घटस्फोटित आईबापांचा प्रश्न मात्र क्रमांकांनीं सुटणारा नव्हता. मुलाचा निम्मा खर्च कोणाचा, या वादांत आईबाप बिलें घेऊन न्यायालयांत उभे राहत. १९६७ सालीं त्यासाठीं नियम केला. तोही अपुरा पडला. शेवटीं १९८४ च्या कायद्यानें पैशाचा हिशेबच बाजूस सारला. मूल ज्याच्या घरीं राहतें, हक्क त्याचा. त्यानें लेखी सोडून दिला, तरच दुसऱ्याचा. पैशाचें माप जेथें भांडण लावूं लागलें, तेथें छपराचें माप पुढें आलें.

पण छप्परही अपुरें पडतें, हें २००० सालीं दिसून आलें. पळवून नेलेल्या मुलाच्या आईबापांस त्याचें नांव पोष्य म्हणून लिहितां येईल काय, असा प्रश्न करखात्यापुढें आला. पळविलें त्या वर्षापुरतें येईल. पुढील वर्षीं नाहीं, असें मत खात्यानें दिलें. कायद्याचे शब्द पाहतां तें चुकीचें नव्हतें. मूल घरीं राहिलें नाहीं, त्याच्या निर्वाहाचा खर्च झाला नाहीं. पण त्या घरांत मुलाची खोली तशीच झाडून ठेविलेली असेल, त्याच्या शोधापायीं शेतवाडीही गहाण पडली असेल. याची नोंद कोणत्या रकान्यांत करावी? लोकांस तें मत मानवलें नाहीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत काँग्रेसनें कायदा बदलला. कुटुंबाबाहेरच्या माणसानें पळविलें असें पोलिसांस वाटत असेल, तर तें मूल अठरा वर्षांचें होण्याच्या वर्षापर्यंत, किंवा तें हयात नाहीं असें ठरेपर्यंत, आईबापांचें पोष्यच राहतें. वय, रक्त, छप्पर, पैसा यांपैकीं एकही माप येथें पुरेसें नव्हतें. वाट पाहणें हाही भार आहे, असें एका करकायद्यानें मान्य केलें.

त्यानंतर २००४ च्या कायद्यानें या सर्व पसाऱ्याची नीट मांडणी केली. पोष्यांचे दोन वर्ग झाले: मूल आणि इतर नातलग. मुलाच्या बाबतींत मुख्य कसोट्या नातें, वय आणि अर्ध्या वर्षाहून अधिक सहवास या. वयाची मर्यादा एकोणीसच्या आंत, विद्यार्थी असल्यास चोवीसच्या आंत, आणि कायमच्या अपंगास मर्यादाच नाहीं. इतरांच्या बाबतींत निम्म्याहून अधिक भार व अल्प उत्पन्न या जुन्याच अटी राहिल्या. २०२५ सालासाठीं ही उत्पन्नाची मर्यादा ५,२०० डॉलर होती. एकाच मुलावर दोघांनीं हक्क सांगितला, तर आईबापांस अग्रक्रम. दोघेही आईबापच असतील, तर मूल ज्याच्याजवळ अधिक रात्रीं राहिलें तो.

आणि मग गंमत झाली. ज्या सुटीसाठीं हा सारा खटाटोप, ती सूटच २०१७ च्या कायद्यानें २०१८ पासून शून्य केली; २०२५ च्या कायद्यानें तें शून्य कायमचें केलें. तरीही 'पोष्य कोण' हा प्रश्न मेला नाहीं. मुलांमागें करांतून वजावट, इतर पोष्यांमागें ५०० डॉलरांची वजावट, कुटुंबप्रमुखाचा सवलतीचा दर, हें सर्व त्याच व्याख्येवर उभें आहे. तेंही पाहण्यासारखें आहे. ५०० डॉलरांच्या वजावटीस पोष्य व्यक्ति अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी असावी लागते. म्हणजे मेक्सिकोंतील ती आई तेथील नागरिक असेल, तर तिचें नांव पत्रकांत राहिलें. वजावट मात्र मिळाली नाहीं!

आतां पुन्हा पुण्याकडे वळूं. आमच्या मित्राच्या मुलास एक वाट मोकळी आहे. आईनें अमेरिकेंत येऊन राहावें, करकायद्याच्या दृष्टीनें ती तेथील रहिवासी ठरावी, आणि बाकीच्या अटी पुऱ्या व्हाव्या. मग तिचें नांव खोडलें जाणार नाहीं. म्हणजे मुलाच्या पोष्यांत गणना व्हावी यासाठीं तिनें आपलें घर, आपली पेठ, सकाळीं हांक मारणाऱ्या शेजारणी, सारें सोडावें. हा सौदा तिनें करावा असें आम्ही म्हणणार नाहीं, आणि तिनें तो केलाही नाहीं.

या कायद्यास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. प्रत्येक राज्य आपल्या कुंपणाच्या आंतलींच पानें मोजतें. तसें न केलें तर सत्तर लाखांच्या जागीं सात कोटी मुलें कागदावर जन्मतील. शिवाय हा कायदा आपल्या चुकीपासून शिकत आला, हें त्याच्या श्रेयाचें आहे. असमर्थतेचा दाखला त्यानें सोडला, चौघां भावंडांची आई त्यानें परत आणिली, हरवलेल्या मुलाची जागा राखून ठेविली. मात्र इतक्या सर्व फेरफारांत एक गोष्ट जशीच्या तशी राहिली. पोसणाऱ्यास विचारतात, तूं कोणास पोसतोस. ज्यास पोसतात त्यास कोणी कांहीं विचारीत नाहीं. मातोश्रींच्या हंसण्यांत तें न विचारलेलें उत्तर होतें. मुलगा दरमहा पैसे पाठवितो. आणि रोज रात्रीं, त्याच्याकडे सकाळ झाली असेल अशा बेतानें, ती त्याला दूरध्वनि करून जेवणाखाण्याची चौकशी करते. कोण कोणाच्या आधारावर उभें आहे, हें ठरविण्याचें माप अजून निघावयाचें आहे. तें निघेपर्यंत तिच्या हिशेबांत त्याचें पान मांडलेलेंच आहे.